डग्गा कुठे गेला?

मी माझ्या नवऱ्याला चांगल्या धडधाकट कानांसकट बहिरा ठरवलं होतं. एक-दोन दिवस नाही, दीड महिना. ठरवून गप्प बसले असते तर घरातली गोष्ट घरात राहिली असती. पण मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दूध घालायला येणाऱ्या बाईला सांगितलं, "जरा मोठ्यानं बोला हो यांच्याशी." एसटीत बसून चिपळूणपर्यंत गेले आणि तिथल्या कानाच्या डॉक्टरलाही मीच सांगितलं. त्याला तपासायला थोडी तरी जागा ठेवायची, तीही ठेवली नाही.

आणि हे सगळं करणारी बाई नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवत होती. ध्वनी, चुंबक, विद्युतधारा, सगळे धडे तोंडपाठ. त्या वेळची मी मला आज बाजारात समोरून येताना दिसले, तर मी भाजीत तोंड खुपसून उभी राहीन, पण ओळख दाखवणार नाही.

सुरुवात माझ्या मुंबईच्या नणंदेच्या घरी झाली. कोकण रेल्वे सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि मुंबईला जाणं एकदम सोपं वाटायला लागलं होतं. नणंदेकडे नवी परदेशी म्युझिक सिस्टीम आली होती. आमचे हे प्रवासातही एक कॅसेट बरोबर ठेवायचे, तबल्याच्या एका मैफलीची. ती तिथे लावली. यांनी डोळे मिटले, हात पोटावर ठेवला आणि म्हणाले, "डग्गा बघ. इथे वाजतोय, पोटात." आमच्या घरच्या टेपरेकॉर्डरवर तो डग्गा कुणीतरी शेजारच्या आळीत पाट आपटल्यासारखा वाजायचा.

येताना गाडीत मला झोप लागली नाही. मला एकदा काही डोक्यात आलं की ते हातातून बाहेर पडेपर्यंत मी जागच्या जागी बसू शकत नाही. माझी आई म्हणायची, हिच्या खुर्चीत मुंग्या असतात. चिपळूण येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की तसले स्पीकर मी घरी करणार. विकत घ्यायचे नाहीत, करायचे. बी.एस्सी. काय पोळ्या लाटायला केलं होतं?

आमच्या यांच्याविषयी आधी सांगायला हवं. हे डिझेल मेकॅनिक. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार लाँचींची इंजिनं यांच्या हातची. आयटीआय केलेलं, बाकीचं सगळं एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेलं. यांच्याकडे एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्यानं त्यांनी कधी स्क्रू पिळलेला मी पाहिला नाही. त्याचं टोक चालत्या इंजिनाला लावायचं, मूठ कानाच्या हाडाला, आणि मान तिरकी करून ऐकायचं. मग बोट वर करून सांगायचे, इथे उघडा. लोक उघडायचे, आणि तिथेच बिघाड असायचा. डॉक्टरच्या गळ्यातल्या नळीसारखं होतं ते. मला नवऱ्याचा अभिमान होता, नाही असं नाही. पण त्या अभिमानाच्या खाली माझी बी.एस्सी. एक पाट जास्त उंच मांडून बसलेली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मी कामाला लागले. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात पेटीचा नकाशा होता. पेटीत हवा किती मावली पाहिजे याचं गणित मी रद्दीत निघालेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर चार वेळा केलं आणि चार वेळा वेगळं उत्तर आलं. पाचव्यांदा जे आलं ते मला आवडलं, म्हणून ते बरोबर. माझ्या भावानं मुंबईहून दोन मोठे आठ इंची स्पीकर आणि दोन छोटे, बारीक आवाजासाठीचे, मांडीवर घेऊन रेल्वेनं आणून दिले. मागे लोहचुंबक आणि पुढे कागदाचा पडदा, एवढंच ते. त्यांना पेटी नसेल तर आवाज दोन्ही बाजूंनी सांडतो. पेटी हवी, आणि तीही हवाबंद हवी.

हवाबंद म्हटल्यावर यांनीच सुचवलं, "मग घरं करणाऱ्या सुताराकडे कशाला जातेस? होड्या बांधणाऱ्याला दे."

होड्या बांधणारा सुतार बंदराच्या कडेला एका उघड्या छपरात बसायचा. त्यानं माझा नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"वयनी, ह्याच्यात ठेवायचा काय?"

"आवाज."

"आवाजाला एवढी जाड फळी? पळून जातो काय तो?"

"फटीतून हवा जाता कामा नये."

"पाणी शिरत नाय तिथनं वारा कसा जाईल?" असं म्हणून त्यानं मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या काढल्या. सांध्यांत कापसाची वात ठोकली, वर राळ फिरवली. अशा दोन पेट्या दिल्या की त्या समुद्रात सोडल्या असत्या तर थेट गुहागरला लागल्या असत्या. एकच गोष्ट मासिकात लिहिलेली नव्हती. त्या फळ्यांनी उभ्या आयुष्यात माशाचं तेल प्यायलं होतं. पाऊस लागला आणि दमट हवेत पेट्यांना वास सुटला. आळीतली सगळी मांजरं आमच्या माजघरात स्पीकरसमोर रांगेनं येऊन बसायला लागली. हे म्हणाले, "श्रोते जमले बघ. आता वाजवणारं काहीतरी कर."

मासिकात लिहिलं होतं की पेटीच्या आत लोकर भरावी. आता रत्नागिरीत लोकर कोण घालतं? मी घरभर फिरले. यांची सावरीच्या कापसाची उशी दिसली. सासूबाईंनी स्वतः भरलेली, जुनी, मऊ उशी. मी ती उसवली आणि अर्धी अर्धी दोन्ही पेट्यांत कोंबली. यांना रात्रीपुरती एक चादर घडी करून दिली. "चार दिवस चालवून घ्या," म्हटलं.

स्पीकरच्या मागे वायर जोडायला दोन टोकं असतात. बसवताना माझा एक नियम होता: डावीकडच्या टोकाला लाल वायर, उजवीकडच्याला काळी. पहिल्या पेटीत सगळं बिनचूक बसलं. दुसऱ्या पेटीत सुतारानं पाडलेली स्क्रूची भोकं जुळेनात. मी स्पीकर जरा फिरवून पाहिला, आणखी फिरवला, पार अर्धा फिरवल्यावर भोकं बरोब्बर जुळली. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग डावीकडे लाल, उजवीकडे काळी. नियम म्हणजे नियम.

शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात पेट्या पुऱ्या झाल्या. हे भिजून बंदरावरून आले होते. पावसाळ्यात मासेमारी बंद, सगळ्या लाँची बांधून ठेवलेल्या, इंजिनं खोललेली. यांच्या कामाचे हेच दिवस. अंग पुसायचीही उसंत न देता मी यांना माजघरात बसवलं. दोन पेट्या, मध्ये हे, समोर मांजरं. कॅसेट लावली.

मला अंगावर काटा आला. आवाज इकडून येतोय की तिकडून, काही कळत नव्हतं. सगळीकडून येत होता, भिंतीतून, कौलातून. मी म्हटलं, "ऐकलंत? याला हायफाय म्हणतात."

यांनी डोळे मिटले. हात पोटावर ठेवला. थोड्या वेळानं हात काढून घेतला.

"डग्गा कुठे गेला?"

"म्हणजे?"

"तबला येतोय. डग्गा नाही येत."

"अहो, हा काय वाजतोय! हा... आणि हा!"

"तुला येतोय?"

"स्वच्छ!"

मला येत होता, शपथेवर सांगते. आज कळतं की ती कॅसेट मला इतकी पाठ होती की पेट्यांनी नुसतं कुजबुजलं असतं तरी मी माझ्या डोक्यातला डग्गा वाजवून घेतला असता.

पुढचे आठ दिवस मी त्या पेट्यांना सुखानं बसू दिलं नाही. भिंतीशी नेल्या, भिंतीपासून लांब नेल्या. पाटावर ठेवल्या, जमिनीवर ठेवल्या. कापूस काढला, कापूस भरला. शाळेत फळ्यावर लिहिताना खडू हातात तसाच राहायचा आणि मी पेटीच्या गणितात शिरायचे. घरी आल्यावर पायांतल्या चपला काढायच्या आधी टेप लावायचे. हे यायचे, मुकाट्यानं बसायचे, ऐकायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. त्यांच्या त्या मान हलवण्यानं माझं डोकं फिरायला लागलं. आठव्या दिवशी मी बोलले.

"पेटीत काही खोट नाही. मी सगळं तपासलंय. तुम्ही जन्मभर इंजिनांत कान घालून बसलात, त्याचं काय?"

म्हणजे मी वायर सोडून सगळं तपासलं होतं.

यांचा उजवा हात आपोआप कानाकडे गेला, तिथे क्षणभर राहिला आणि खाली आला. मी जिंकले होते. जिंकल्यावर आपल्याला बरं का वाटत नाहीये, हे मला समजेना, म्हणून मी मांजरांना हाकललं.

यांचा तो उस्ताद शेवटी शेवटी बहिरा झाला होता. आपल्याला ऐकू येत नाही हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. कान लावायचा, मान डोलवायचा, "चांगला हाय" म्हणायचा. त्यानं चांगलं म्हटलेलं एक इंजिन एकदा खोल समुद्रात बंद पडलं आणि लाँच दोन दिवस वाहवत राहिली. माणसं परत आली, पण उस्ताद त्यानंतर बंदरावर आला नाही. हे तेव्हा त्याच्या हाताखाली होते. ही गोष्ट यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितली होती. मी ती विसरले होते. ते विसरले नव्हते.

मीच हट्टानं त्यांना चिपळूणला नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं कानांवर यंत्र चढवलं, आवाज ऐकवले, कागदावर रेघ काढली. रेघ सरळ चालत जाऊन शेवटी उजवीकडे जराशी खाली उतरली होती.

मी म्हटलं, "कमी ऐकू येतं ना?"

तो म्हणाला, "अगदी उंच आवाज थोडे कमी झालेत. इंजिनाजवळ काम करणाऱ्यांचं होतं असं. खालचे आवाज उत्तम आहेत. काळजीचं काही नाही."

डग्गा हा खालचा आवाज. सगळ्यांत खालचा. हे मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. तरी त्या डॉक्टरच्या चार वाक्यांतलं मला 'कमी झालेत' एवढंच ऐकू आलं. बाकीचं माझ्या कानांत शिरलंच नाही.

परतीच्या एसटीत काचांवरून पाणी वाहत होतं. यांनी तो कागद खिशातून काढला, उलगडला, परत घडी घातली.

"म्हणजे कमी आहे."

"आहे थोडं. वयानं होतंच हो."

"हं."

दुसऱ्या दिवशी यांनी तो लांब स्क्रू ड्रायव्हर पडवीतल्या खिळ्याला टांगला. बंदरावर जायचे, नट पिळायचे, पिस्टन बसवायचे, पण इंजिन सुरू करायची वेळ आली की "दुसऱ्या कुणाला बोलवा" म्हणून बाजूला व्हायचे. मग हळूहळू जाणंच बंद केलं. भर कामाच्या दिवसांत माणूस घरी. पडवीत बसायचे, उठायचे, पुढच्या अंगणात, खळ्यात जायचे, पावसाचे थेंब पडले की परत यायचे. कुकरची शिट्टी झाली की आत येऊन विचारायचे, "किती झाल्या? तीन ना?" तीनच झालेल्या असायच्या. तरी विचारायचे. आधी यांच्या जिभेवर एक तरी चिमटा तयार असायचा. माझ्या भाजीला, माझ्या बी.एस्सी.ला, माझ्या पेट्यांना. आता नुसतं "हं". घरात एवढा शांत माणूस वावरायला लागला की मला ताप आल्यासारखं व्हायचं. मी एका जागी बसून तांदूळ निवडू शकत नव्हते. ताट घेऊन मी पण या खोलीतून त्या खोलीत.

त्यात गावानं मनावर घेतलं. मीच सांगितलेलं. शेजारीण कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून ओरडायची, "भाऽऽवजी! जेवऽऽलात काय?" पोस्टमन सायकलवरूनच आरोळी ठोकायचा. एक जण तर यांच्याशी खाणाखुणांनी बोलला. यांनी त्यालाही खुणेनंच उत्तर दिलं आणि आत निघून गेले. पूर्वी असतं तर त्या खुणांची नक्कल करून मला महिनाभर हसवलं असतं.

नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली. ती झाली की लाँची समुद्रात जाणार. एका दुपारी एक तांडेल आमच्या पडवीत येऊन बसला. लाँच त्याची स्वतःची, चालवणाराही तोच, आणि पंधरा वर्षं त्याचं इंजिन आमच्या यांनी कान लावल्याशिवाय सुरू झालेलं नव्हतं. मी आत चहा ठेवत होते. आमचा माणूस आता कसा ऐकतो हे त्यालाही कळलेलं होतं, त्यामुळे तो काय बोलला ते मला, शेजारणीला आणि बहुतेक समुद्रालाही ऐकू गेलं.

"दादाऽ! इंजिन जोडून झाला! मिरजोळ्याच्या वर्कशॉपातल्या माणसानं जोडलान! तो बोलतो बेस झालाय! पण माझा जीव नाय ऱ्हात! तुमी येवन एकदा ऐका!"

"हळू बोल," हे म्हणाले. "मी नाही येत. तुझ्याबरोबर सहा माणसं जाणार पाण्यात. ती माझ्या कानावर सोडू नकोस."

"अवो, पंधरा वरसं सोडलीत ती!"

"तेव्हा कान होते."

तांडेल चहा न पिता गेला. मी कपबशी हातात घेऊन उंबऱ्यात उभी होते. यांची माझ्याकडे पाठ होती. त्या क्षणी शहाण्या बाईला स्वतःची लाज वाटली असती. मला राग आला. कुणाचा म्हणाल, तर पेट्यांचा. या मेल्या पेट्या आणल्या नसत्या तर हे झालंच नसतं! मी आत गेले. टेप चालू केला, का ते विचारू नका, मला रिकामं बसवेना म्हणून. आणि दुसरी पेटी, ती भोकं न जुळलेली, उघडायला घेतली. आत कुठे तरी फट असणार, ती शोधून काढायचीच. ओढाताणीत तिची वायर निसटून हातात आली. ती पेटी गप्प झाली.

पडवीतून आवाज आला, "आता वाजला."

"काय?"

"डग्गा. आता वाजला की!"

"अहो, एकच पेटी चालू आहे! दुसरी बंद पडलीय."

"एक असेल नाहीतर अर्धी असेल. वाजतोय."

मी वायर परत टेकवली. दोन्ही पेट्या सुरू.

"गेला," बाहेरून आवाज.

वायर काढली.

"आला."

हे बाहेर पावसाकडे तोंड करून बसलेले, मध्ये भिंत. मी काय करते ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मी काही न बोलता वायर टेकवत गेले, काढत गेले. कधी लागोपाठ, कधी खूप थांबून, कधी नुसतीच खुडबुड करून काहीच न बदलता. प्रयोगशाळेत मुलांना फसवायला करतात तसं. "गेला... आला... गेला... अजून नाहीच... आला." दहापैकी दहा. माझ्या वर्गात एवढे मार्क कुणाला पडले नव्हते.

दोन पेट्यांपेक्षा एका पेटीत डग्गा जास्त. हे कसं शक्य आहे, असा विचार करत मी जमिनीवर बसले, आणि मग मला माझाच नववीचा वर्ग आठवला. मी टॉर्चमधला सेल काढला. पहिल्या पेटीच्या लाल-काळ्या वायरींना टेकवला. कागदी पडदा टक्क करून बाहेर आला. दुसऱ्या पेटीला तसाच टेकवला. पडदा टक्क करून आत गेला.

स्पीकर मी अर्धा फिरवून बसवला होता. फिरवल्यावर डावीकडचं उजवीकडे गेलं होतं. आणि मी माझ्या नियमानं डावीकडे लाल वायर जोडून मोकळी झाले होते. एक पडदा हवा पुढे ढकलत होता, दुसरा त्याच वेळी ती मागे ओढत होता. बारीक आवाज त्यातून कसेबसे निसटत होते, जाड आवाज तिथल्या तिथे मरत होता. हायफाय म्हणून मी ज्याच्यावर भाळले होते, तो कुठून येतोय ते न कळणारा आवाज, तोसुद्धा याच उलट्या वायरीचा प्रताप. बाजारात मिळणाऱ्या एका टॉर्चच्या सेलनं जे दोन मिनिटांत दिसलं, ते बघायला मला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी चिपळूणला जाऊन आले, पण कोनाड्यातल्या टॉर्चपर्यंत गेले नाही.

मी पडवीत गेले. सेल पुढे केला.

"हे बघायला या."

हे आले. उकिडवे बसले. मी दाखवलं. मग माझ्या हातातून सेल घेऊन त्यांनी स्वतः टेकवून पाहिला. एक बाहेर. एक आत. परत. एक बाहेर, एक आत.

"म्हणजे डग्गा नव्हताच," हे म्हणाले.

"नव्हता."

"मला येत नव्हता, कारण नव्हताच."

"हो."

सेल माझ्या हातात ठेवला. उठले. पडवीतल्या खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर काढला, सदऱ्याला पुसला आणि छत्री न घेता पावसात चालू लागले. मी दोन छत्र्या घेऊन मागून धावले. घर उघडं, टेप चालू, मांजरं आत.

बंदरावर तांडेल यांना बघून धावत आला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "दादाऽऽऽ!"

"ओरडतोस कशाला मेल्या? बहिरा आहेस काय?"

"मी नाय... वयनीच बोलल्या..."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही छत्र्या उघडून बघितल्या, पण त्यातल्या एकीखालीही मला पुरती लपता येईना.

इंजिन सुरू झालं. माझ्या कानांना तो नुसता धडधडाट. यांनी टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाजवळ, मान तिरकी. इकडून तिकडे सरकत गेले. एके ठिकाणी थांबले. मागे आले. परत तिथेच. आजवर मी यांना हे करताना गंमत म्हणून पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र मला बघवेना. चूक निघाली तर? बरोबर निघाली तर? मला दोन्हीची भीती वाटत होती.

बोट वर गेलं. "बंद कर. पुढून दुसऱ्या सिलिंडरच्या खाली उघड. कुणीतरी ढिलं सोडलंय."

बाजूचं झाकण काढलं. तांडेलानं आत हात घातला. त्याचा चेहरा बदलला. एक नट नुसत्या बोटानं फिरत होता. त्यानं तो दोनदा फिरवून पाहिला, मग बाहेर पाण्याकडे पाहिलं आणि पाना मागायला हात पुढे केला.

घरी येताना मी एका छत्रीत, हे दुसऱ्या छत्रीत. घाटीच्या पायऱ्या चढताना मी तीन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. घरी आल्याबरोबर दुसऱ्या पेटीची वायर उलटी केली, म्हणजे सुलटी केली. कॅसेट पहिल्यापासून लावली.

पहिली थाप पडली आणि मांजरं एकदम उठून दारात गेली. डग्गा पोटात वाजला. अगदी पोटात. खाली जमीनसुद्धा जराशी हलल्यासारखी. हे डोळे मिटून बसले होते, हात पोटावर. कॅसेटची एक बाजू संपेपर्यंत हलले नाहीत. टेपचं बटण खटकन वर आलं. मी अजून उभीच होते, पदराला हात पुसत, कोरड्या पदराला कोरडे हात.

"रागावलात?" मी विचारलं.

यांनी डोळे उघडले. एक हात मानेमागे नेला, मान हळूच एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली. आणि दीड महिन्यानंतर पहिल्यांदा मला तो जुना, वाकडा ओठ दिसला.

"वायरीचं राहू दे. आधी त्या पेट्यांतून माझी उशी काढ. दीड महिना त्या चादरीच्या घडीवर मान मोडतेय माझी, ते मात्र गावात कुणाला सांगितलं नाहीस!"